सवलत द्या, पण सरसकट नको : नव्या सभागृहाला एका छोट्या दुकानदाराचे खुले पत्र

प्रति,
महानगरपालिकेचे सर्व सन्माननीय नगरसेवक आणि नगरसेविका
प्रत : नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : छोट्या दुकानांचा मालमत्ता कर

सप्रेम नमस्कार.

शहराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. कर विभागात मला अजून बरीच वर्षे जायचे आहे, हे एक कारण. दुसरे म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहराचे नाव इथे घातले, तरी पत्रातला फार तर एखादा आकडा बदलेल.

बाजारपेठेच्या मागच्या बोळात माझे मॅचिंगचे दुकान आहे. अस्तर, फॉल, बकरम, हुक, चेन, बटणे, लेस आणि रिळे. जागा १४० चौरस फूट, पागडीची. करपावतीवर ‘मालक’ या रकान्यात वाड्याच्या मूळ मालकांच्या आजोबांचे नाव आहे आणि ‘भोगवटादार’ या रकान्यात माझ्या वडिलांचे. दोघेही आता नाहीत. बिल मात्र दर वर्षी वेळेवर येते.

गेल्या आठवड्यात आमच्या व्यापारी मंडळींची बैठक झाली. बिगरनिवासी मालमत्ता करात सरसकट पन्नास टक्के कपात मागायची, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. येत्या काही दिवसांत शाल, श्रीफळ आणि निवेदन घेऊन एक शिष्टमंडळ तुमच्याकडे येईल. त्या निवेदनावर माझी सही नाही. बैठकीत मी उठून बोललो, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “काका, तुम्ही आपल्याच माणसांच्या विरोधात बोलताय.” म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे. मला सवलत हवीच आहे. पण ती मागायला मला पुढे उभे करून दुसऱ्यानेच घेऊन जाऊ नये.

आधी माझे मूळ बिल मांडतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. आमच्या भागात दुकानाचे भाडेमूल्य दरमहा चौरस फुटाला १२ रुपये धरले आहे. १४० फुटांचे वर्षाचे झाले २०,१६०. दुरुस्तीपोटी कायद्याने मिळणारी दहा टक्के वजावट गेली की करयोग्य मूल्य उरते १८,१४४. त्यावर वेगवेगळे कर मिळून ५२ टक्के, म्हणजे ९,४३५ रुपये. या ५२ मध्ये सर्वसाधारण कर २४, जललाभ कर ४, मलनिःसारण लाभकर ४, अग्निशमन २, वृक्ष कर १ आणि महापालिकेचा शिक्षण कर २. बाकीचे १५ टक्के राज्य सरकारचे. त्यांत १२ राज्य शिक्षण कर आणि ३ रोजगार हमी कर.

माझ्या दुकानात नळ नाही. मोरीही नाही. लघवीला मी चौकातल्या सुलभ शौचालयात जातो आणि तिथे सुटे पैसे देतो. तरीही जललाभ आणि मलनिःसारण मिळून आठ टक्के मी भरतो, कारण तो ‘लाभकर’ आहे. लाभ घ्या वा न घ्या, दारावरून वाहिनी गेली की कर लागू. याबद्दल माझी तक्रार नाही. शहरात राहायचे तर काही गोष्टींचे पैसे सगळ्यांनी मिळूनच द्यावे लागतात. फक्त “तुम्ही व्यापारी सगळ्या सुविधा ओरबाडता” असे सभागृहात कोणी म्हणाले, तर हा बिननळाचा जललाभ कर आठवावा.

आता सरसकट पन्नास टक्क्यांचा हिशोब. माझे ९,४३५ निम्मे झाले की वाचले ४,७१७. हमरस्त्यावर जे मोठे कपड्यांचे शोरूम आहे, ते धरा २० हजार फुटांचे. तिथला दर खरे तर जास्त असायला हवा, पण वादासाठी माझाच धरू. त्याचा कर होतो १३ लाख ४७ हजार ८४०. निम्मा माफ झाला की वाचले ६ लाख ७३ हजार ९२०. म्हणजे एका शोरूमला जी सवलत मिळेल, तेवढ्या पैशांत माझ्यासारख्या १४२ दुकानांना निम्मी माफी देता येते. आमच्या बोळात, पलीकडच्या भांडी गल्लीत आणि मारुतीच्या पारापर्यंत मिळून इतकी दुकाने नाहीत. तरी निवेदनात सुरुवातीला काय असेल, ते आत्ताच सांगतो : ‘ऑनलाइन विक्रीमुळे हवालदिल झालेला छोटा दुकानदार.’ तो मी. मथळा माझा, माफी त्यांची.

मोठ्या व्यापाऱ्यांशी माझे वैर नाही, हेही लिहून ठेवतो. त्या शोरूममधल्या ब्लाउजपीसला अस्तर माझ्याकडूनच जाते. पण करसवलत म्हणजे महापालिकेच्या तिजोरीतला पैसा. तो कोणाला द्यायचा हे ठरवताना, ज्याच्या हातात जास्त फूट त्याला जास्त, असा उलटा हिशोब चालणार नाही.

तुमच्यातल्या काहींनी प्रचारात म्हटले होते, “मुंबईत पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ झाला, तसा आपण दुकानांनाही करू.” ऐकायला बरे वाटते. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांचा मालमत्ता कर माफ झाला, हे खरे. त्याआधी २०१९ मध्ये त्यांचा फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर भरावेच लागत होते आणि त्यावरून चांगलीच रणधुमाळी झाली होती. पण ती माफी महापालिकेच्या एकट्या ठरावाने मिळाली नाही. राज्य सरकारला त्यात उतरावे लागले. पुण्याचेही पाहा. स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी चाळीस टक्के सवलत लेखापरीक्षणाच्या आक्षेपांनंतर बंद झाली, नव्या मिळकतींना पूर्ण बिले गेली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुण्यातल्याच कसबा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल मार्च २०२३ मध्ये लागला आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मंत्रिमंडळाचा निर्णय आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे मी म्हणत नाही. मी रिळे विकणारा माणूस. धागा दिसला की बोट आपोआप तिकडे जाते, एवढेच.

या दोन्ही शहरांत घरांचा विचार झाला, दुकानांचा नाही. त्यामागचे कारण मला समजते. घर उत्पन्न देत नाही, दुकान देते. पण उत्पन्नावर आयकर आहे, विक्रीवर जीएसटी आहे. मालमत्ता कर हा जागेचा आणि जागेला मिळणाऱ्या सेवांचा कर. मग घराच्या एका फुटापेक्षा दुकानाच्या एका फुटाला जास्त कर का, याला उत्तर आहे : दुकानाचे भाडे जास्त येते, दुकानापुढे टेंपो उभा राहतो, पुठ्ठे आणि प्लॅस्टिकचा कचरा निघतो. मान्य. म्हणूनच दुकानाचा दर घराइतकाच करा, असे मी म्हणत नाही. आणि दुकानांना पूर्ण माफी मागणाऱ्यांनाही माझा पाठिंबा नाही.

उलट आम्हा व्यापाऱ्यांच्या तोंडून सहसा न निघणारी एक गोष्ट मीच सांगतो. महापालिकेची कमाई मालमत्ता करावर इतकी टेकली, त्यात आमचा हात आहे. जकात नको म्हणून आम्ही भांडलो. जकातीच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तर २०१३ मध्ये राज्यभर दुकाने बंद ठेवून आम्ही त्याच्याशीही भांडलो. मीही शटर ओढून मोर्चात गेलो होतो. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलेसुरलेही संपले. आता राज्य सरकार दर महिन्याला भरपाईचा धनादेश पाठवते, त्यात वर्षाला आठ टक्के वाढ ठरलेली आहे, आणि ती येईपर्यंत महापालिका मंत्रालयाकडे डोळे लावून बसते. स्वतःच्या हाताने वसूल करता येईल असा मोठा कर म्हणून एकच उरला, तो हा. त्यामुळे “निम्मा माफ करा” म्हणणाऱ्याने, रस्त्यावरच्या दिव्यांचे पैसे कुठून आणायचे, तेही सांगावे.

मग माझे म्हणणे काय? तुमच्याच कायद्यात एक वाक्य आहे आणि ते वापरा, एवढेच.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हे पुस्तक वॉर्ड ऑफिसात नसेल, पण कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते. मी घेतले आहे. त्याच्या कलम १२९ मध्ये सर्वसाधारण कर करयोग्य मूल्याच्या बारा टक्क्यांपेक्षा कमी नसावा, असे आहे. आणि लगेच पुढे असे आहे की महापालिकेने ठरवले, तर हा कर चढत्या श्रेणीने आकारता येईल. चढती श्रेणी म्हणजे लहान मूल्याला लहान दर आणि मोठ्याला मोठा. आयकरात आपण सगळे हेच भोगतो. आमच्या बिलावर मात्र चढती श्रेणी नाही. तिथे दोनच पायऱ्या : निवासी आणि बिगरनिवासी. बिगरनिवासी म्हटले की मी, भांडीवाला, वीस हजार फुटांचे शोरूम आणि मल्टिप्लेक्स एकाच ओळीत उभे.

दर ठरवण्याचा अधिकार आयुक्तांचा नाही, तुमचा आहे. कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. बहुतेक शहरांत २०२२ पासून प्रशासक होते, सभागृहच नव्हते, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा कोणाला, हेच कळत नव्हते. आता तुम्ही आहात. यंदाची तारीख चुकली असेल, तर पुढच्या वर्षीची कोणी अडवलेली नाही.

करयोग्य मूल्य किती, हे मात्र आयुक्त ठरवतात. मूल्य त्यांचे आणि दर तुमचा, ही वाटणी नाशिककरांना चांगली आठवत असेल. २०१८ मध्ये तिथले तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी वार्षिक भाडेमूल्याचे दर एकदम वाढवले. शेतकरी, व्यापारी, नगरसेवक सगळे एकवटले, अविश्वास ठराव आला, वाढीत कपात झाल्यावर तो मागे पडला, आणि नोव्हेंबरमध्ये मुंढ्यांची बदली झाली. माझे मत लोकप्रिय नाही, तरी लिहितो. वर्षानुवर्षे न हललेले दर कधीतरी हलवावे लागतात. जुन्या वाड्यातल्या दुकानाला चाळीस वर्षांपूर्वीचा दर आणि शेजारच्या नव्या इमारतीतल्या तेवढ्याच गाळ्याला आजचा, हा अन्याय नव्या गाळेवाल्यावर होतोच. दर हलवणे चूक नव्हते. पण एकाच फटक्यात, मोठ्या-लहानाची पायरी न ठेवता हलवले, की मोर्चात पुढे छोटे लोक दिसतात आणि मागे उभे राहून मोठे लोक आपला फायदा करून घेतात.

पायरी क्षेत्रफळावर ठेवावी की मूल्यावर, यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. आधी मी क्षेत्रफळाच्या बाजूचा होतो; दोनशे फुटांपर्यंत सवलत, सोपे आणि मोजता येण्यासारखे. मग लक्षात आले की मुख्य चौकात दीडशे फुटांचे सराफी दुकान आहे, त्याचे एका दिवाळीचे काम माझ्या दोन वर्षांच्या गल्ल्याएवढे असेल. आणि बोळाच्या टोकाला चारशे फुटांची सायकल दुरुस्ती आहे, जिथे दिवसाला पाच पंक्चर निघाले तरी नशीब. त्यामुळे पायरी करयोग्य मूल्यावरच हवी. इंग्लंडमध्येही छोट्या धंद्यांची सवलत अशीच आहे : मूल्य १२ हजार पौंडांपर्यंत असेल तर कर शून्य, पुढे १५ हजारांपर्यंत सवलत उतरत जाते, आणि सर्वसाधारणपणे ती एकच जागा वापरणाऱ्याला मिळते. माझा भाचा तिकडे असतो. फोनवर हे सांगताना हसत होता, कारण तिथल्या दुकानदारांचीही याच कराबद्दल रडारड चालू असते.

आपल्याकडे मूल्य २५ हजारांपर्यंत असलेल्या बिगरनिवासी मिळकतींना सर्वसाधारण कर १२ टक्के ठेवा, कायद्याचा तळ तोच आहे. पुढच्या पायऱ्या तुम्ही आणि लेखा विभागाने बसून आखा, वरच्या टोकाला दर थोडा चढवला तरी चालेल. माझ्या बाबतीत २४ चे १२ झाले की वर्षाला २,१७७ रुपये वाचतात. महिन्याला १८१. एवढ्यासाठी हे सारे? हो. माझ्या दुकानाच्या वीजबिलाचा, पंखा आणि दोन ट्यूबचा, थोडा भार त्यातून उतरतो.

राहिले राज्याचे पंधरा टक्के. मंत्रालयाला प्रत त्यासाठीच आहे. राज्य शिक्षण कर घराला सहा टक्के आणि दुकानाला बारा. रोजगार हमी कर घराला नाहीच, फक्त बिगरनिवासी जागेला. ग्रामीण भागातल्या हातांना काम मिळावे म्हणून शहरातल्या धंद्याने वाटा द्यावा, ही कल्पना मला मनापासून पटते. दुष्काळात या राज्याने केलेले ते मोठे काम आहे. पण या करांच्या पायऱ्या पाहा. करयोग्य मूल्य ७५ रुपयांपासून सुरू होतात आणि सहा हजारांच्या वर गेले की सर्वांत वरचा दर. सहा हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला पाचशे-साडेपाचशे रुपये भाडेमूल्य. आज पाचशे रुपयांत शहरात पानाची टपरीसुद्धा मिळत नाही. या पायऱ्या आखल्या तेव्हा वरची पायरी मोठ्या धंद्यांसाठी असणार. रुपयाची किंमत घसरत गेली आणि आम्ही सगळे न हलता वरच्या पायरीवर जाऊन बसलो. ही एक ओळ विधिमंडळाने बदलली, छोट्या जागांना शिक्षण कर निवासी दराने लावला आणि रोजगार हमी कर सोडला, तर माझे आणखी १,६३३ रुपये वाचतील. दोन्ही मिळून ९,४३५ चे ५,६२५ होतात. पन्नास टक्क्यांच्या घोषणेत मला जे मिळणार होते, त्यापेक्षा हे काहीसे कमी आहे. चालेल.

राज्याने असे काही करणे अशक्य नाही. गुजरात सरकारने कोविडच्या पहिल्या वर्षी, जून २०२० मध्ये, व्यापारी मिळकतींच्या मालमत्ता करात वीस टक्के सूट जाहीर केली होती आणि पुढच्या वर्षी हॉटेले-रेस्टॉरंटांना पूर्ण माफी दिली. तीही सरसकटच होती, त्यामुळे माझा तिच्यावरही तोच आक्षेप आहे. पण राज्याच्या पातळीवर निर्णय होऊ शकतो, एवढे त्यातून दिसते.

आता माळ्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

मध्यंतरी महापालिकेने मिळकतींचे नवे सर्वेक्षण एका खासगी एजन्सीला दिले. एक दिवस भर दुपारी विशीतला एक मुलगा दुकानात आला, हातात लाल किरण सोडणारे यंत्र. भिंतीला टेकवले, आकडा घेतला, मग वर पाहिले. दुकानात लाकडी पोटमाळा आहे, मागच्या अर्ध्या भागावर, ७० फुटांचा. तिथे रिळांचे आणि बटणांचे डबे असतात. मुलाने शिडीवर चढून यंत्र टेकवले आणि गेला. चार महिन्यांनी नोटीस आली : क्षेत्रफळ २१० फूट, कर १४,१५२.

माळ्याची उंची चार फूट आहे. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. मी गुडघ्यांवर रांगत जातो. बांधकाम नियमावलीत असा कमी उंचीचा माळा चटईक्षेत्रात धरत नाहीत. मी हरकत घेतली. सुनावणीला पाच खेपा झाल्या. तीनदा साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले, एकदा संगणकाला रेंज नव्हती. पाचव्या वेळी साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, चहाही पाजला. म्हणाले, “माळ्यावर काय ठेवता?”

“रिळं.”

“उद्या तिथे मशीन टाकून फॉल-पिको सुरू केलंत तर?”

मी म्हटले, साहेब, बसून मशीन चालवायलासुद्धा डोके छताला लागेल. शिवाय उद्या काय होईल त्यावर आजचा कर कसा? मुंबईत भांडवली मूल्याच्या, म्हणजे जागेच्या बाजारभावावरून कर ठरवण्याच्या पद्धतीत जागेच्या भावी बांधकामक्षमतेवर कर लावण्याचा प्रयत्न झाला होता. उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आहे ते मोजा, होऊ शकेल ते नको, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ. साहेबांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “असं करू, निम्मा धरू.”

अशा रीतीने माझा पोटमाळा ७० फुटांचा ३५ फुटांचा झाला. उरलेला ३५ फूट माळा कुठल्या कलमाखाली कायम राहिला आणि वगळलेला कुठल्या कलमाखाली वगळला, हे आदेशात लिहिलेले नाही. बिल आता ११,७९४ आहे. मी अपील केले नाही. कलम ४०६ प्रमाणे न्यायालयात जायचे तर पंधरा दिवसांत जावे लागते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. वकिलाची फी धरली तर अडीच हजारांच्या वादासाठी दहा हजार घालवायचे. शोरूमवाल्याचा वाद लाखांचा असतो, त्याला वकील परवडतो. म्हणून छोट्यांच्या बाबतीत चुकीची मोजणी हाच खरा जास्तीचा कर असतो, आणि त्यावर कुठलीही टक्केवारीची घोषणा उपाय नाही. सभागृहाने एवढे तरी करावे : उभे राहता येणार नाही असा माळा मोजणीत धरायचा नाही, हे आयुक्तांकडून लेखी परिपत्रकात घ्यावे, म्हणजे पुढच्या दुकानदाराला चहा पिऊन तडजोड करावी लागणार नाही.

आणखी एक सवलत आहे, तिच्याबद्दल सगळेच गप्प असतात : अभय योजना. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. मोठे ओझे आहे, खरे. पण दर एक-दोन वर्षांनी मार्चच्या तोंडावर योजना येते आणि शास्तीचा मोठा हिस्सा माफ होतो. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने सात वर्षे एक रुपया भरला नाही, पैसा धंद्यात फिरवला, आणि योजनेत येऊन मूळ रक्कम आणि थोडी शास्ती भरून मोकळा झाला. वर पेढे वाटले. दोन वर्षांपूर्वी हप्ता भरायला पैसे नव्हते, तेव्हा मी बायकोच्या दोन बांगड्या सोसायटीत गहाण ठेवल्या होत्या. त्या दिवशी घरी पेढा खाताना तिने माझ्याकडे पाहिले, ते मी इथे लिहीत नाही. तुमची सगळ्यात मोठी करसवलत आज न भरणाऱ्यालाच मिळते. आजारपण, जळीत, मालकाचा मृत्यू अशी कारणे असतील, तर शास्ती जरूर माफ करा, अर्ज घेऊन, तपासून. बाकी ही यात्रा बंद करा आणि त्यातून जे वाचेल ते खालच्या पायरीला द्या.

आमच्यासारख्या पागडीवाल्यांसाठी एक कलम सवलतीत स्पष्ट लिहावे लागेल. बिल मालकाच्या नावावर असते आणि पैसे भोगवटादार भरतो. नव्या भाडेकरारांत तर कर भाडेकरूनेच भरायचा, असे छापलेलेच असते. सवलत मिळकतीला दिली आणि मालकाने भाडे तेवढेच ठेवले, तर ती कोणाच्या खिशात गेली? म्हणून सवलत भोगवटादाराच्या नोंदीला जोडा; शॉप अॅक्टचा कागद आणि वीजमीटर ज्याच्या नावावर, तो भोगवटादार. यात लबाडी होईल, हेही सांगून ठेवतो. मोठा गाळा पडदी घालून चार छोट्यांत दाखवला जाईल. त्याला उपाय सोपा : एकाच व्यक्तीची किंवा कुटुंबाची लागून असलेली दुकाने एक धरायची. मोजणारा मुलगा लाल किरण टाकायला येतो, तेव्हा पडदी आठवडाभरापूर्वीची आहे की जुनी, हे त्याला रंगावरून कळते.

बैठकीत एका मित्राने फेरीवाल्यांचा विषय काढला. ते कर भरत नाहीत, आम्ही का भरायचा? मी त्या वाटेला जाणार नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर एक बाई चाळीस वर्षे रुमाल आणि केसांच्या पिना विकते. पाऊस आला की तिचा माल माझ्या माळ्यावर जातो. तिचा कर मागून माझा कमी होणार नाही.

तुमच्याकडे शिष्टमंडळ येईल, तेव्हा एक गोष्ट मागून घ्या : शहरातल्या बिगरनिवासी बिलांची मूल्यानुसार यादी. २५ हजारांपर्यंत किती बिले, एक लाखापर्यंत किती, दहा लाखांच्या वर किती, आणि प्रत्येक गटाकडून किती कर येतो. कर विभागाच्या संगणकात हे सगळे आहे. एका दुपारचे काम. ती यादी सभागृहाच्या पटलावर ठेवा आणि आमच्या सूचनाफलकावर लावा. सरसकट कपातीचा ठराव मंजूर करायचा असेल, तर यादी पाहून करा.

माझ्या माळ्याबद्दल कोणाला शंका असेल, तर दुकानात यावे. गुरुवार सोडून रोज सकाळी दहा ते रात्री साडेआठ मी असतो. यंत्र आणायची गरज नाही. शिंप्यांची टेप दुकानातच आहे, दीडशे सेंटिमीटरची. माळ्याची उंची मोजायला ती पुरते आणि वर थोडी उरते.

आपला,
मॅचिंगवाला
(भोगवटादार, क्षेत्रफळ १४० अधिक ३५ चौरस फूट)